दोन आवाज

पहाटे चारला खाली भट्टी पेटते
आणि साडेचारला मी कॉम्प्युटर लावला की तो कण्हतो.
आधी घर्र, मग जरा थांबून टक्,
मग कोणी ओठाशी आलेलं बोलणं गिळून टाकावं
तसं काहीतरी.
कुताइसीत हिवाळा, रिओनी नदीवर धुकं,
आणि मी मकवाला, बेकरीच्या हिशेबांची बाई,
टेबलाखाली गुडघे टेकून
पत्र्याच्या डब्याला विचारतेय : कुठं दुखतंय?

पोलंडहून भाचा म्हणाला, रेकॉर्ड करून पाठव.
फोन जवळ नेला की गप्प.
फोन ठेवला की सुरू.
"पेशंट असाच असतो," आई म्हणाली,
"डॉक्टरसमोर ठणठणीत."
एकतीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई ती.
कपाटातून स्टेथोस्कोप काढला,
सवयीनं तळहातावर ऊब दिली
आणि डब्याच्या कुशीला लावला.
"श्वास घे," असंही पुटपुटली बहुतेक.
मी हसले. ती हसली नाही.
"दोन आवाज आहेत. एक वरवरचा. दुसरा खोल."

तिसऱ्या मजल्यावरचा नोदार आला, बसडेपोतला,
रिटायर होऊनही हातांना डिझेलचा वास.
स्क्रूड्रायव्हरचं टोक डब्याला, मूठ कानाला.
मोठ्या नर्सनं वैदूकडे पाहावं
तशी आई त्याच्याकडे पाहत होती.
निदान मात्र दोघांचं एकच निघालं.

झाकण उघडलं. आत सगळं पांढरं.
धूळ नव्हे, पीठ.
नऊ वर्षांचं, जाळीतून, फटीतून,
माझ्याच बाह्यांतून वर आलेलं,
मांजराच्या केसांत मळून
पंख्याच्या पात्यांवर थापलेलं.
नोदारनं बोट लावून चाखलं.
"मीठ विसरलीस."
मग ब्रश, फुंकर,
शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब.
पंखा फिरला. घर्र गेली.

टक् राहिलं.

आईनं नळ्या कानांतून काढून गळ्यात टाकल्या
आणि मला स्वयंपाकघरात नेलं,
नातेवाइकांना बाजूला घेतात तसं.
"डिस्क," म्हणाली. शब्द आजच शिकली होती.
"आजची रात्र काढेल. उद्याचं मी सांगत नाही."

डिस्कवर आहे काय? पिठाची बिलं, लाकडाची बिलं,
आणि उधारीचं खातं.
कोणी किती शोती नेल्या,
होडीसारख्या लांब, कडेला जळालेल्या,
आणि कधी देतो म्हणाला.
त्यात दोन पाव बाकी ठेवून मेलेली माणसं आहेत.
भाचाही आहे.

दुसऱ्या डिस्कवर उतरवायला घेतलं.
निळी पट्टी सरकत होती. अठरा टक्के. एकोणीस.
टक्.
एकोणीस.
एकोणीस.
एका पानापाशी अडली. नोदारचं पान,
ऑगस्टपासूनचं.
तो माझ्या खांद्यामागे, हातात चहाचा ग्लास.
मी म्हणाले, "हे काही वाचता येत नाही.
डिस्कनं खाल्लं. जाऊ दे."
पुन्हा एकदा बटण दाबलं असतं तर कदाचित आलंही असतं.
दाबलं नाही.

इंजिन बंद केल्यावरही कान देऊन उभं राहावं
तसा तो पडद्यासमोर उभा राहिला.
"एकशे बेचाळीस लारी," म्हणाला,
"आणि वर सत्तर तेत्री.
लिही.
डिस्क तुझी बिघडलीय, माझी नाही."

लिहिलं. पिठाच्या पिशवीच्या कागदावर,
पेन्सिलीनं, मान वर न करता.
जाताना त्यानं झाकणाचे चारही स्क्रू लावले
आणि पाचवा, कुठला कोण जाणे,
माझ्या हातावर ठेवला.

पहाटे साडेचारला डबा लावला.
दिवा लागला, पंखा फिरला, चकार शब्द नाही.
खाली पहिल्या शोतींचा वास.
आई खुर्चीतच झोपलेली, गळ्यात नळ्या तशाच,
घोरत :
आधी घर्र,
मग जरा थांबून

मी हातातलं खाली ठेवलं
आणि पुढचा श्वास येईपर्यंत
थांबले.